जुनी आलिशान गाडी घेण्याआधी सस्पेन्शन कसे तपासावे : गोव्यातल्या खरेदीदारासाठी तयारी

10-12 वर्षे वापरलेली मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू 5 सिरीज किंवा ऑडी ए6 आज नव्या लहान गाडीच्या किमतीत मिळू शकते, आणि ती बघायला जाणारा माणूस बहुधा इंजिनाचा आवाज ऐकून, एसी लावून आणि चामड्याच्या सीटवर बसून समाधानाने परत येतो. माझे मत असे, की अशा गाडीची खरी किंमत सस्पेन्शनवर, म्हणजे चाके बॉडीला जोडून रस्त्याचे धक्के पचवणाऱ्या यंत्रणेवर ठरते. ही गाडी आपण तिच्या चालीसाठी घेतो, आणि ती चाल ज्या रबरावर, सांध्यांवर व हवेच्या दाबावर उभी असते ते सारे गाडी कमी चाललेली असली तरी वयाने संपते. शिवाय हा खर्च एकदम समोर येत नाही. आज चाक धरून ठेवणारा एक आर्म, पुढल्या महिन्यात दुसरा, पावसाळ्यानंतर गाडीचे डुलणे थांबवणारा शॉक, असा तो तुकड्या-तुकड्याने येतो. म्हणून तपासणीची तयारी घरूनच करून निघावे, आणि गाडी एकदा नव्हे तर दोनदा बघण्याचे ठरवूनच निघावे : पहिल्या दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मधल्या काळात ती जागची न हलवता.

निघण्याआधी विक्रेत्याला फोन करून चार गोष्टी विचारून घ्याव्यात. गाडीची नोंदणी कोणत्या राज्याची आहे, ती रात्री कुठे उभी असते, सस्पेन्शनचे कोणते काम कधी झाले आहे आणि त्याची बिले आहेत का. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशानंतर दिल्ली परिसरातल्या 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या दुसऱ्या राज्यांत विकल्या जाऊ लागल्या, आणि त्यांतल्या काही आपल्याकडेही दिसतात. अशा गाडीचे पत्रे गंजापासून वाचलेले असतात, पण उत्तरेच्या उन्हाळ्यात रबर वाळून कडक झालेले असू शकते. उलट कळंगुट, मिरामार, कोलवा यांसारख्या किनारपट्टीवर उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत असली तरी तिच्या खालच्या नटबोल्टांना खारे वारे लागलेले असतात. दोन्ही प्रकारच्या गाड्या घेण्यासारख्या असू शकतात. फक्त कुठे डोळे रोखायचे ते वेगळे.

गाडीला स्टीलच्या स्प्रिंगा आहेत की एअर सस्पेन्शन (म्हणजे हवा भरलेल्या स्प्रिंगा), हेही आधीच समजून घ्यावे, कारण त्यावर सगळी तपासणी बदलते. मर्सिडीज एस-क्लासच्या डब्ल्यू220 (1998 ते 2005) आणि डब्ल्यू221 (2005 ते 2013) या पिढ्या, 2002 पासूनची ऑडी ए8 आणि 2003 ते 2009 ची जॅग्वार एक्सजे या गाड्या हवेवर चालणाऱ्या म्हणूनच ओळखल्या जातात. ई-क्लास आणि ए6 मध्ये मात्र ते मॉडेलनुसार किंवा मागणीनुसार मिळत असे, तर 2008 ते 2015 च्या बीएमडब्ल्यू 7 सिरीजच्या लांब गाड्यांना हवेच्या स्प्रिंगा फक्त मागे असतात. चेसिस क्रमांकावरून गाडी कारखान्यातून काय घेऊन बाहेर पडली हे कळते. तो क्रमांक मागायला संकोच करू नये, आणि तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाण्याचे श्रम घेऊ नयेत.

सोबत मोजपट्टी, चांगला टॉर्च, जमिनीवर अंथरायला जुना पुठ्ठा, हातमोजे, टायरचा दाब बघण्याचे गेज, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली आणि वही-पेन एवढे असावे. वहीत लिहिण्याचा कंटाळा करू नये. दिवस निवडताना पावसाचा विचार करावा. भर पावसात भिजलेले रबर करकरत नाही आणि वायपरच्या व पाण्याच्या आवाजात बारीक ठकठक ऐकू येत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये गाडी बघायची वेळ आली तर दोन दिवसांची उघडीप मिळेपर्यंत थांबावे. माझ्या अनुभवाने ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सर्वांत चांगला काळ, कारण पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी जे काही मोडायचे ते तोवर मोडून बोलू लागलेले असते.

पहिल्या संध्याकाळी गाडी सपाट जमिनीवर, चाके सरळ करून उभी करायला सांगावी आणि प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहावे. डाव्या-उजव्या बाजूंत 10 मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर कारण शोधावे लागेल. मग गाडी बंद करून, तिला कोणी हात लावणार नाही असे ठरवून घरी जावे, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होण्याआधी पोहोचून तेच चार आकडे पुन्हा घ्यावेत. फोंड्याजवळ मी एका परिचितासाठी बघायला गेलो होतो ती एस-क्लास संध्याकाळी चारही कोपऱ्यांत सरळ होती. सकाळी आंब्याखाली उभ्या त्याच गाडीचा पुढचा डावा कोपरा तीन बोटे बसलेला होता आणि टायरचा वरचा काठ फेंडरच्या आत गेला होता. मालकाने चावी फिरवली, हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची घरघर ऐकू आली, आणि आतून चहा येईपर्यंत गाडी पुन्हा तोऱ्यात उभी राहिली. दहा वाजता येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तशीच दिसली असती. रात्री गार झालेल्या हवेमुळे चारही बाजू थोड्या सारख्या उतरल्या तर घाबरण्याचे कारण नाही. एकच कोपरा बसणे ही गळती समजावी.

एअर सस्पेन्शनमध्ये बिघाड एकातून दुसरा जन्म घेतो, म्हणून त्याची साखळी समजून घ्यायला हवी. एअर स्प्रिंग म्हणजे रबराचा जाड भाता. तो घडीवर घडी पडून पडून नेमका घडीच्या ओळीत चिरतो. हवा गळू लागली की उंची मोजणारा सेन्सर ते सांगतो आणि कॉम्प्रेसर वारंवार चालू होतो. हा कॉम्प्रेसर अधूनमधून थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला असतो. तो तासन्‌तास धापा टाकू लागला की तापतो, त्याचा पिस्टन झिजतो, त्याची वीज चालू-बंद करणारा रिले चिकटतो, आणि गळती न काढता नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. त्याच्या सोबत ओलावा शोषणारा ड्रायर असतो. आपल्याकडच्या दमट हवेत त्यातले दाणे लवकर भिजून निकामी होतात आणि मग पाणी चारही भात्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये पोहोचते. त्यामुळे बिलात «कॉम्प्रेसर बदलला» एवढेच दिसले आणि भात्यांचा उल्लेख नसेल, तर मी ती चांगली खूण मानत नाही. तपासताना सुरू केलेल्या गाडीची उंची वाढवण्याचे बटण दाबून ती चारही बाजूंनी सारखी उठते का आणि उठल्यावर कॉम्प्रेसर थांबतो का हे बघावे, आणि जिथे दिसेल तिथे भात्याच्या घडीवर व नळीच्या जोडावर साबणाचे पाणी मारून बुडबुडे येतात का ते पाहावे. ही गाडी कोणत्याही क्षणी खाली बसू शकते, म्हणून टायर आणि फेंडरच्या मध्ये हात घालू नये आणि स्टँड लावल्याशिवाय नुसत्या जॅकवर तिच्याखाली डोके नेऊ नये. हे मी पुन्हा सांगेन, कारण घाईत नेमके हेच विसरले जाते.

काही मालक हवेचे सारे काढून स्टीलच्या स्प्रिंगा बसवून घेतात. हे काम नीट झाले असेल तर गाडी वापरायला सोपी होते, पण ती पूर्वीसारखी तरंगत नाही आणि पुढे विकताना तिला भाव कमी येतो. तेव्हा तसा बदल झालेला असेल तर तो किमतीत उतरलाच पाहिजे.

यानंतर गाडी ओळखीच्या मिस्त्रीच्या लिफ्टवर घ्यावी. विक्रेत्याने आदल्या दिवशी गाडी खालून प्रेशरने धुतली असेल किंवा नवे काळे अंडरकोटिंग मारले असेल, तर ते पावसाळ्याच्या तयारीसाठी असू शकते, पण त्याखाली गळतीच्या आणि गंजाच्या खुणा बुजतात हे ध्यानात ठेवावे. न धुतलेली गाडी खरे बोलते. आपल्या तांबड्या मातीचा यात फार उपयोग होतो : शॉकमधून तेल झिरपत असेल तर त्यावर लाल धूळ बसून ओलसर, बोटाने निघेल असा थर होतो, आणि धड असलेल्या शॉकवर तीच धूळ कोरडी, फुंकरीने उडणारी असते. डिचोली-साखळीकडे वापरलेल्या गाडीत हा फरक टॉर्चच्या उजेडात लांबूनच दिसतो.

पुढचे आर्म आणि त्यांच्या सांध्यांतले रबरी बुश हा या गाड्यांचा सर्वांत दुखरा भाग, आणि इथे मिस्त्रीने टॉमी (लोखंडी पहार) लावून प्रत्येक सांधा हलवून दाखवावा असा आग्रह धरावा. बीएमडब्ल्यूच्या ई60 5 सिरीजमध्ये (2003 ते 2010) पुढच्या टेन्शन आर्मच्या बुशांत द्रव भरलेला असतो. बुश फाटला की तो द्रव आर्मवर ओघळून काळसर डाग पडतो आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागते. अनेक जण ते ब्रेकच्या डिस्कचे काम समजून डिस्क बदलतात आणि थरथर तशीच राहते. ऑडीच्या ए4 व ए6 मध्ये प्रत्येक बाजूला चार आर्म असतात, आणि वरचे दोन आर्म ज्या लांब स्टीलच्या बोल्टने ॲल्युमिनियमच्या नकलमध्ये (चाक ज्यावर बसते त्या भागात) धरलेले असतात तो बोल्ट गंजून आत जाम होतो. किनारपट्टीवर राहिलेल्या गाडीत हा बोल्ट काढणे आर्म बदलण्याहून अवघड जाऊ शकते. कधी तो कापून, ड्रिल करून काढावा लागतो आणि नकललाच इजा होते. म्हणून त्या बोल्टचे टोक टॉर्चने बघावे, आणि तिथे फुगलेला पांढरट-तपकिरी गंज दिसला तर मजुरी वेगळी धरावी. मर्सिडीजच्या जुन्या डब्ल्यू210 ई-क्लासमध्ये (1995 ते 2002) पुढच्या स्प्रिंगची बैठक ज्या ठिकाणी बॉडीला वेल्ड केलेली असते तिथे आतून गंज लागतो आणि ती अचानक सुटू शकते. ही चालत्या गाडीत जिवावर बेतणारी गोष्ट आहे. तिथे पत्रा फुगलेला किंवा पॅच मारलेला दिसला तर मी भावाचीही चौकशी करणार नाही. स्प्रिंगांचे अगदी खालचे वेटोळेही बोट फिरवून बघावे, कारण ती तिथेच तुटतात आणि तुटलेला तुकडा बैठकीत लपून राहतो.

टायर हे सस्पेन्शनचे वाचायला सोपे कागद आहेत. फक्त आतली कड झिजलेली असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा बुश गेलेले, पृष्ठभागावर हात फिरवताना चढउतार लागले तर शॉक गेलेले, आणि बाजूवर फुगा असेल तर चाक कधीतरी खड्ड्यात जोरात आपटलेले. टायरच्या बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा व वर्ष असते, म्हणजे 2319 हा 2019 च्या तेविसाव्या आठवड्याचा टायर. चारही टायर अगदी नवे असतील तर जुने का काढले हे विचारावे.

गाडी चालवण्याचा रस्ता आपण ठरवावा. टायरचा दाब नीट करून, रेडिओ व एसी बंद ठेवून आणि काचा खाली करून आधी एखाद्या वाड्यावरच्या तुटक्या रस्त्यावर वीसच्या वेगाने जावे. छोट्या खळग्यांवर येणारी हलकी टकटक बहुधा स्टॅबिलायझर लिंकची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या जोडाची) असते आणि ते स्वस्तातले काम. गतिरोधकावरून उतरताना येणारा जड धप्प आवाज शॉकचा, त्याच्या माउंटिंगचा किंवा बुशचा असतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा टणत्कार झाला तर वरच्या माउंटचे बेअरिंग बघावे. मग राष्ट्रीय महामार्ग 66 वर, झुवारीच्या किंवा मांडवीच्या पुलावर नियमात बसेल त्या वेगाने जाऊन पुलाच्या सांध्यांवरून गाडी एकदाच डुलून थांबते की डुलतच राहते हे पाहावे, आणि मागे वाहन नसताना ब्रेक लावून स्टिअरिंगची थरथर तपासावी. वेगासोबत वाढणारी घुमणारी गुणगुण जर वळणावर एका बाजूला भार गेल्यावर बदलत असेल तर व्हील बेअरिंग गेलेले असते. चोर्ला घाटापर्यंत जाण्याची सवड असेल तर जावे; उतारावरच्या वळणांत थकलेले मागचे बुश जेवढे कळतात तेवढे दुसरीकडे कळत नाहीत.

चावी फिरवल्यावर सस्पेन्शनचा दिवा आधी लागून मग विझतो का हे बघावे, आणि त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा. साधा स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनापुरताच वाचतो.

शेवटी मिस्त्रीकडून सुट्या भागांचा व मजुरीचा लेखी अंदाज घेऊन मगच भावाला बसावे. अंदाजात शॉक, स्प्रिंग व आर्म नेहमी जोडीने धरलेले असावेत, आणि बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असताना, म्हणजे तिच्या नेहमीच्या उंचीवर, आवळले जातील हे ठरवून घ्यावे. लटकत्या चाकांवर आवळलेले नवे बुश पीळ बसून लवकर फाटतात. अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावी. गाडी घरी आली की सकाळचे ते चार आकडे तारखेसह वहीत लिहून वही गाडीतच ठेवावी, आणि दर महिन्याच्या पहिल्या सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, तेच मोजमाप पुन्हा घ्यावे.