पीएफमधील पेन्शन आणि मोठ्या पगाराची पॅकेजेस: या चुका टाळा

ठाण्यातील वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतील रबाळे-महापेपर्यंतच्या कंपन्यांमध्ये दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणे आता सर्रास झाले आहे आणि पेन्शनचे सर्वांत मोठे नुकसान नेमके याच टप्प्यावर होते. नोकरी सुटल्यावर फॉर्म १०सी (पेन्शनची रक्कम काढण्याचा अर्ज) भरून पीएफबरोबर पेन्शनचीही रक्कम काढली, की तेवढी सेवा कायमची हिशेबाबाहेर जाते. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ नुसार मासिक पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. रबाळ्यात सहा आणि वागळे इस्टेटमध्ये पाच वर्षे काम केलेल्याने दोन्ही सेवा जोडून घेतल्या, तर १५,००० रुपये पेन्शनपात्र वेतनाला अकराने गुणून सत्तरने भागल्यावर वयाच्या ५८व्या वर्षापासून दरमहा सुमारे २,३५७ रुपये मिळतात. आधीच्या सहा वर्षांचे पैसे उचलले असतील, तर उरलेल्या पाच वर्षांवर मासिक पेन्शनचा हक्कच राहत नाही. तात्पुरत्या अडचणीसाठी हा हक्क गमावू नये, असे मला मनापासून वाटते.

खाते हस्तांतरित केल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते, त्याने घाबरू नये. या योजनेत रक्कम नव्हे, तर सेवेचा कालावधी पुढे जातो. मात्र सर्व्हिस हिस्टरीतील (पीएफ खात्यावरील नोकऱ्यांच्या नोंदींतील) तारखा अवश्य तपासाव्यात, कारण जुनी नोकरी सोडल्याची तारीख नव्या नोकरीत रुजू झाल्याच्या तारखेनंतरची असेल, तर दावा अडकू शकतो.

एचआरकडून होणारी चूक याहून गंभीर आहे. १ सप्टेंबर २०१४ किंवा त्यानंतर प्रथमच पीएफ सदस्य झालेल्या आणि तेव्हा मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांहून अधिक असलेल्या व्यक्तीला पेन्शन योजनेत घेता येत नाही. तरीही कंपनीच्या योगदानातील दरमहा १,२५० रुपये पेन्शन योजनेत वळवले जातात आणि चूक उघड होते ती अनेकदा दावा फेटाळल्यावर. पासबुकात हे दिसताच कंपनीला लेखी कळवून ती रक्कम पीएफ खात्यात वळवून घ्यावी.

लग्नाआधी केलेले पीएफचे नामनिर्देशन लग्नानंतर अवैध ठरते. ते नव्याने करावे.

वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पॅकेजवर सही करण्यापूर्वी पीएफ, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि सुपरअ‍ॅन्युएशनमधील (कंपनीच्या निवृत्ती निधीतील) कंपनीचे वार्षिक योगदान एकत्र मोजावे, कारण साडेसात लाखांवरील रक्कम करपात्र असते. ईसॉपमध्येही (कर्मचाऱ्यांना ठरावीक किमतीत कंपनीचे शेअर घेण्याची योजना) शेअर घेतानाच बाजारभाव आणि आपण भरलेली किंमत यांतील फरक पगाराचे उत्पन्न धरला जातो, त्यामुळे शेअर विकण्याआधीच कराची तजवीज करावी लागते.