औषधाचा डोस काढताना या चुका टाळा : "पाच एमएल" म्हणण्याआधी बाटली वाचा

पावसाळ्यात आमच्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) अर्धी ओपीडी तापाच्या लेकरांची असते, आणि बऱ्याच आया आधीच घरी काहीतरी पाजून आलेल्या असतात. किती दिलं विचारलं की उत्तर येतं, "एक चमचा." पण आपल्या नर्सांमधल्याही कितीतरी जणी तसंच बोलतात ना, "याले पाच एमएल देऊन दे." पाच एमएल कशाचं?

सूत्र सगळ्यांना पाठ आहे, पाहिजे तो डोस भागिले हातातली स्ट्रेंथ (लेबलवरचे मिलिग्रॅम) गुणिले ते जितक्या एमएलमध्ये आहेत तेवढे एमएल. चुकतं ते यासाठी की आकडे आपण लेबलवरून न घेता सवयीने डोक्यातून घेतो. पॅरासिटॅमॉलच घ्या, एका वेळचा डोस किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या लेकराला जास्तीत जास्त १५०. आता ५ एमएलमध्ये १२५ वालं सिरप असेल तर ते होतं ६ एमएल, २५० वालं असेल तर ३ एमएल, आणि ड्रॉप्स असतील, ज्यात १ एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम असतं, तर फक्त दीड एमएल. ड्रॉप्सची बाटली हातात घेऊन सवयीने ६ एमएल भरलं की गेले ६०० मिलिग्रॅम, चौपट. जेंटामायसिन या अँटिबायोटिक इंजेक्शनचंही तसंच, एमएलला १० मिलिग्रॅमवालं पण येतं आणि ४० वालं पण, घाईत दोन्ही सारखंच दिसतं.

दुसरी गोष्ट वजन. आईला विचारलं तर म्हणते "असन बारा-तेरा किलो, मॅडम", आणि काट्यावर ठेवलं तर ९ भरतं. वयावरून अंदाज तर करूच नका, मेळघाटाकडच्या कुपोषित लेकराचं वय तीन वर्षं असलं तरी वजन तेवढं नसतं. लेकरू काट्यावर उभं राहत नसेल तर आईला लेकरू कडेवर घेऊन उभी करा, मग एकट्या आईचं वजन वजा करा, दोन मिनिटांचं काम आहे.

इन्सुलिनची चूक माझ्याच हातून झालेली आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. व्हायल (औषधाची छोटी बाटली) होती ४० वाली, म्हणजे एमएलला ४० युनिट, तिच्यासाठीची लाल टोपणाची सिरिंज संपलेली, म्हणून मी केशरी टोपणाची १०० वाली घेतली आणि २० च्या खुणेपर्यंत भरलं. प्रत्यक्षात पेशंट आजोबांना २० ऐवजी गेले ८ युनिट. दोन दिवस शुगर उतरेना, म्हणून डॉक्टर डोस वाढवत गेले, आणि खरा धोका तिथेच होता, कारण पुढच्या ड्युटीला कोणी बरोबर सिरिंज घेतली असती तर तो वाढवलेला डोस पुराच्या पुरा गेला असता. नशिबाने त्याआधी लक्षात आलं. उलटं झालं तर अजून वाईट, १०० वाली व्हायल आणि ४० वाली सिरिंज, २० ची खूण म्हणजे ५० युनिट. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला नाही तर भरूच नका.

साप चावलेलं लेकरू आलं की काही जणी एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) वजनाने कमी करायला जातात, ते चुकीचं आहे. सापाने विष वजन पाहून टाकलेलं नसतं, सुरुवातीचे १० व्हायल मोठ्याला तसेच लहानाला, फक्त ज्या सलाईनमध्ये मिसळतो ते लेकराला वजनाप्रमाणे कमी घेतात. पण रिअॅक्शनसाठी बाजूला ठेवतो ते अॅड्रिनॅलिन मात्र वजनानेच, १:१००० वालं किलोला ०.०१ एमएल, म्हणजे १० किलोला ०.१ एमएल मांडीत, १ एमएलच्या सिरिंजने.

सलाईनचं थोडक्यात. ५०० एमएल ४ तासात द्यायचं तर एमएलला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण ४२ थेंब. तेच ४२ थेंब मायक्रो सेटवर (एमएलला ६० थेंब) लावले तर बाटली १२ तास चालते, म्हणून सेटच्या पाकिटावर एमएलला किती थेंब ते आधी पाहा. आणि केसपेपरवर ०.५ लिहा, नुसतं .५ नको, टिंब पुसट झालं की पुढच्या ड्युटीची नर्स त्याला ५ वाचते.

गरोदरपणात झटके आलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात रेफर करण्याआधी मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) देतो तेव्हा ५० टक्के म्हणजे नेमकं किती यात गोंधळ होतो. एका एमएलमध्ये अर्धा ग्रॅम, २ एमएलच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोलवर, म्हणजे एकूण १० अँप्युल. पुढचा डोस द्यायच्या आधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, मिनिटाला निदान १६ श्वास आणि तासाला निदान ३० एमएल लघवी पाहायची, आणि त्याचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, ट्रेमध्ये हवंच.

चूक झालीच तर लपवू नका, लगेच डॉक्टरला सांगा. इन्सुलिन जास्त गेलं असेल तर तिथल्या तिथे शुगर तपासा, आणि काय गेलं, किती, किती वाजता ते केसपेपरवर लिहा. रात्री एकटी ड्युटी असली तरी हिशोब आशाताईला मोठ्याने वाचून दाखवा, तिला सूत्र येत नसलं तरी बाटलीवरचा आकडा ती वाचू शकते. आणि रिकाम्या अँप्युल अॅम्ब्युलन्स निघेपर्यंत ट्रेमध्येच राहू द्या, फोनवर "किती दिलं?" विचारलं तर मोजून सांगता येतं.