पन्नाशीनंतर स्पितीतले गोम्पा (बौद्ध मठ) चालत बघायचेत? मग किन्नौरकडून जा

आमच्या ग्रुपमधे दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच की स्पिती, म्हणजे हिमाचलातलं ते उंचावरचं खोरं, झेपेल का आम्हाला, वय ५५, गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे. मी ५८ ची, आमचे हे ६२ चे, आणि आम्ही दोनदा जाऊन आलो, पहिल्यांदा चुकीच्या बाजूने आणि दुसऱ्यांदा बरोबर बाजूने, म्हणून सविस्तर लिहिते. झेपतं. पण रस्ता कुठला धरता यावर सगळं आहे.

पहिल्या वेळी मनालीवरून गेलो. मनाली साधारण २००० मीटरवर, तिथून एका दिवसात कुंझुम पास ओलांडायचा जो ४५५० मीटरवर आहे आणि रात्री काझ्यात, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावात, ३६०० च्या वर झोपायचं. शरीराला कळतच नाही काय चाललंय. ह्यांचं डोकं रात्रभर ठणकत होतं, सकाळी उलटी झाली, तरी गाडीवाला म्हणाला काही नाही होत, वर लांगझाला चला हवा छान आहे, आणि आम्ही गेलो. लांगझा ४४०० मीटर. तिथे ह्यांना चार पावलं सरळ टाकता येईनात, तसंच उलटं खाली आणून सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि मग दोन दिवस नुसते खोलीत बसून. एकही गोम्पा धड बघितला नाही.

दुसऱ्या वेळी शिमल्याकडून, किन्नौरमार्गे गेलो. चंदीगडपर्यंत विमान, कालक्याहून टॉय ट्रेनने शिमला, पुढे गाडी. एक रात्र नारकंडा (२७०० मीटर), मग सराहन जे थोडं खालीच आहे आणि तिथलं भीमाकालीचं लाकडी मंदिर बघायलाच हवं, मग कल्पा दोन रात्री (२९५० च्या आसपास, समोर किन्नर कैलास), मग नाको (३६५०), आणि नाकोहून पुढे ताबोला परत खाली ३२८० वर. म्हणजे काझ्याला पोचेपर्यंत आठवडा गेलेला असतो आणि शरीर तयार झालेलं असतं. ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका (कल्पा ते नाको ही एकच उडी त्याहून मोठी, म्हणून आधी कल्पाला दोन रात्री) आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम न हलवता काढा. दिवसा चढून वर जा, झोपायला खाली या. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही म्हणजे नाही, आणि वाढत असेल तर खाली उतरायचं, मग बुकिंगचे पैसे गेले तरी जाऊदेत.

आता तयारी. आपल्याकडे लोकांना वाटतं सिंहगड दर रविवारी चढतो म्हणजे झालं. सिंहगडाने पाय आणि दम तयार होतो, ते हवंच, आम्ही मार्चपासून आतकरवाडीवरून दर आठवड्याला जायचो आणि मधल्या दिवशी पर्वती. पण विरळ हवेची सवय सह्याद्रीत होत नाही, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, ताबो गाव त्याच्या दुप्पट उंचीवर. आणि चढण्यापेक्षा उतरायची प्रॅक्टिस जास्त करा, गुडघे उतरताना जातात. दोन काठ्या घ्या, एक नाही, दोन, आणि त्या वापरायची सवय इथेच करून जा.

निघायच्या दोन महिने आधी डॉक्टरकडे. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करायची का ते त्यांना ठरवू द्या. बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे का ते विचारा, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का आणि किती तेही त्यांनाच विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. डायबेटिस असेल तर इन्सुलिन गोठू देऊ नका, रात्री अंगाजवळ ठेवा, आणि थंडीत ग्लुकोमीटर चुकीचं रीडिंग देऊ शकतं म्हणून तोही उबेत. गोळ्या दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या बॅगांत.

कधी जायचं? जूनचा मधला काळ नाहीतर सप्टेंबर. मुलांच्या सुट्टीबरोबर मे मधे जायचा मोह होतो पण वर बर्फ असतं, कुंझुम बहुतेक बंद असतो. जुलै-ऑगस्टमधे स्पितीत पाऊस फार नसतो पण खाली किन्नौरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि तुम्ही अडकता.

चालायचं कुठे ते सांगते. ताबोला दोन रात्री काढाच. ९९६ सालचा मठ आहे, बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती, काही वाटतच नाही, आणि आत वाकून गेलात की अंधारात भिंतीभर चित्रं आणि चारी बाजूंनी मातीच्या मूर्ती भिंतीतून बाहेर आल्यासारख्या. मी पंधरा मिनिटं नुसती उभी होते. फोटो काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे, छोटा टॉर्च न्या पण चित्रांवर रोखून धरू नका आणि भिंतीला टेकू नका. गावाच्या वरच्या डोंगरात भिक्खूंच्या ध्यानाच्या गुहा आहेत, तो चढ छोटा आहे, तुमची पहिली परीक्षा तिथे घ्या. बोलता बोलता चढता आलं तर ठीक, वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा.

मग धनकर, साधारण ३९०० मीटर. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर कड्याच्या टोकाला चिकटलेला जुना गोम्पा, खालची माती झिजत चाललीय त्यामुळे आत एका वेळी मोजकीच माणसं जाऊ देतात, तेव्हा गर्दीच्या आधी सकाळी जा. तिथून वर तळ्यापर्यंत चढ आहे, तरुण मुलं तासाभरात जातात, आम्हाला दोन तास लागले, सावली कुठेच नाही. सकाळी सातला निघा, माणशी दोन लिटर पाणी, टोपी, गॉगल, आणि ओठांना लावायला काहीतरी.

काझ्यात तीन रात्री, रोज तिथेच झोपायचं. एक दिवस गाडीने कोमिकला जा (४५०० च्या वर) आणि हिक्किमपर्यंत खाली चालत या, तिथल्या पोस्टातून नातवंडांना कार्ड टाका. दुसऱ्या दिवशी गाडीने किब्बर आणि तिथून की गोम्पापर्यंत उताराने चालत, सावकाश गेलं तरी अर्धा दिवस पुरतो. की मधे लामा चहा देतात, नको म्हणू नका, बसा त्यांच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडचे डिंकाचे लाडू दिले तर एका म्हाताऱ्या लामांनी दोन खाल्ले आणि तिसरा कापडात बांधून ठेवला.

गोम्पात जाताना बूट काढावे लागतात, दिवसात चार-पाच वेळा, म्हणून गावात फिरायला वेल्क्रोचे बूट वेगळे ठेवा, दर वेळी वाकून लेस सोडायला कंबर वैतागते. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, स्तूप आणि मंत्रांचे दगड उजव्या हाताला ठेवून. टोपी काढा, प्रार्थना चालू असेल तर मागे गप बसा.

खायला थुक्पा (नूडल्सचं सूप), भात-डाळ सगळीकडे मिळतं पण उंचीवर भूक मरते, अशा वेळी मेतकूट-भात उपयोगी पडतो, सोबत सुंठ, आलेपाक, खाकरे न्या. कॅश काझ्याच्या एटीएमच्या भरवशावर ठेवू नका, निघतानाच न्या. फोनला पुष्कळ ठिकाणी रेंज नसते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवस फोन लागला नाही तरी घाबरू नका. भारतीय पासपोर्टवर परमिट लागत नाही, पण मुलगा-सून परदेशी पासपोर्टवाले असतील तर किन्नौरमधल्या रेकाँग पिओ ते काझा पट्ट्यासाठी त्यांचं परमिट काढावं लागतं, ते पिओला किंवा शिमल्याला काढून मगच पुढे निघा.

परतताना शरीराला सवय झालेली असते तेव्हा कुंझुमवरून मनालीला उतरायला हरकत नाही, रस्ता उघडा आहे का ते काझ्यात आदल्या संध्याकाळी विचारा. कंबरेचा त्रास असेल तर मात्र आल्या वाटेनेच परत जा, कुंझुमचा रस्ता फार दगडधोंड्यांचा आहे. आणि परतीच्या विमानाच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा, आम्हाला त्यातला एक नाकोजवळच्या मलिंग नाल्यापाशी रस्ता साफ होण्याची वाट बघण्यात लागला.