नोकरी-घर सांभाळून मुलांसाठी लिहायचं कसं

वेळ मिळेल तेव्हा लिहू म्हटलं की लिहिणं राहूनच जातं, म्हणून वेळ आधी ठरवा अन् घरच्यांना सांगून ठेवा. नागपुरात खापरीहून मेट्रोनं सीताबर्डीला येत असाल तर तेवढ्यात मोबाईलवर एक प्रसंग लिहून होतो, नीट टायपिंग रात्री. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी पोट्टे घरातच असतात, तेव्हा त्यांनाच गोष्ट वाचून दाखवा अन् ते जिथं चुळबुळ करतात तिथं पेन्सिलनं खूण करा, तेवढंच नंतर कापायचं, याच्यासारखं एडिटिंग दुसरं नाही खरंच. चित्रपुस्तक बहुतेकदा ३२ पानांचं असतं, एखाद्या रविवारी नुसता पानांचा आराखडा झाला तरी पुष्कळ. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, काही पाठवायच्या आधी त्याचे जुने अंक वाचाच.