नारुटो आणि ब्लीच जोडीने कसं बघायचं (आणि खरं साम्य कुठे शोधायचं)

नारुटो आणि ब्लीच या दोन जपानी ॲनिमे (कार्टून) मालिकांबद्दल 'दोन्ही सेमच आहेत रे' म्हणणारे लय भेटतात, पण काय सेम असं विचारलं की गाडी दोस्ती आणि ओरडून मारलेल्या अटॅकवर येऊन थांबते. तर दोन्ही एकत्र बघून नीट ताडून बघायचं असेल तर हे असं करा.

आधी एपिसोडचा हिशोब. नारुटो २२०, त्याचा पुढचा भाग शिपुडेन ५००, जुनं ब्लीच ३६६, म्हणजे हजाराच्या वर, एवढं सगळं बघत बसलात तर घरचे जेवायला वाढायचे बंद होतील. म्हणून नारुटो १३५ पर्यंत बघून थेट शिपुडेनवर उडी मारा, आणि ब्लीचचे ६४ ते १०८ सोडा, ती बाउंटवाली स्टोरी मांगात (मूळ जपानी कॉमिकमध्ये) नाहीच. ब्लीचचा हिरो इचिगो, त्याचे वर्गातले आणि घरातले सीन मात्र पळवू नका प्लीज.

मग जे साम्य मोजायचंच नाही ते बाजूला काढा. दोन्ही मांगा एकाच साप्ताहिकात यायच्या, शोनेन जंपमध्ये, नारुटो १९९९ पासून आणि ब्लीच २००१ पासून, आणि मैत्री, मेहनत, विजय हे त्या साप्ताहिकाचं ब्रीदच आहे, त्यामुळे ते दोघांतही असणारच. ॲनिमे पण दोन्ही स्टुडिओ पिएरोचे. नारुटोतल्या अकात्सुकी या व्हिलन टोळीच्या दहा अंगठ्या आणि ब्लीचमधले दहा एस्पादा व्हिलन, हे बोलायला मजा येते पण त्यातून फार काही निघत नाही.

आता जोडी लावा. ब्लीचचे पहिले ६३ आणि नारुटोचा, गाव सोडून गेलेला मित्र सासुके याला परत आणायचा भाग लागोपाठ बघा. इचिगोची कैदेत पडलेली मैत्रीण रुकिया म्हणते मला वाचवायला येऊ नकोस, सासुके पण परत यायला तयार नाही, तरी दोन्ही हिरो मित्रांना घेऊन निघतात आणि वाटेत एकेक मित्र एकेका शत्रूला अडवायला मागे थांबतो. फरक शेवटी आहे, इचिगोला जमतं, नारुटोला जमत नाही, आणि ते न जमणं पुढे शिपुडेनभर त्याचा पिच्छा सोडत नाही.

इथून पुढे स्पॉयलर आहेत, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी थांबा.

खरा माल शिपुडेन २४६ ते २४९ आणि ब्लीचच्या २०२२ मधल्या थाउजंड इयर ब्लड वॉर या भागाचे ११ ते १३ यात आहे. शक्यतो एकाच वीकेंडला बघा, नाहीतर दुवा लागत नाही. वही घ्या आणि एकच प्रश्न लिहा: पोराच्या आत जे बसलंय ते आलं कुठून? दोन्हीकडे उत्तर आई! नारुटोच्या आधी क्युबी (नऊ शेपट्यांचा राक्षसी कोल्हा) त्याच्या आईच्या, कुशिनाच्या आत होता, आणि इचिगोचा हॉलो (दुष्ट आत्मा) त्याच्या आईला, मासाकीला चावलेल्या हॉलोपासून आलेला. बापांचं पण तेच, मिनातो तो प्राणी पोरात बंद करताना जीव देतो, इशिन मासाकीला वाचवायला आपली शिनिगामीची (मृत्यूदेवाची) ताकद सोडतो. एक होकागे (गावाचा प्रमुख), एक शिनिगामींचा कॅप्टन, आणि दोन्ही पोरांना वर्षानुवर्षं यातलं काही माहीत नाही. आया दोघी पोराला पाठीशी घालूनच मेल्या. मी पहिल्यांदा लागोपाठ बघितलं तेव्हा पॉज करून नुसता बसलो होतो.

हे झाल्यावर नावांकडे बघा. नारुटो ज्याला नुसता क्युबी म्हणत होता त्याचं नाव पुढे युद्धात कळतं, कुरामा, आणि तिथून दोघांचं जमतं. इचिगोचं अजून भारी आहे, त्याला आपल्या तलवारीचं नाव लवकरच कळलं होतं, झांगेत्सु, पण ते आपल्या आतल्या ज्या म्हाताऱ्याचं समजत होता तो क्विन्सी (हॉलो मारणाऱ्या माणसांची) ताकद निघाला आणि आतल्या ज्या पांढऱ्या हॉलोला दाबून ठेवत होता तोच खरा झांगेत्सु. आता ब्लीचमधली पांढऱ्या इचिगोची जुनी फाइट परत लावा, आणि या वेळी डायलॉग त्या पांढऱ्याच्या बाजूने ऐका.