रावणदहन बघायला निघालात? या चुका टाळा

शिलंगण झालं, आपट्याचं सोनं वाटून झालं, थोरांच्या पाया पडून झालं की हिंगोलीत पावलं आपोआप रामलीला मैदानाकडं वळतात. दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा असलेला दसरा आहे हा. खेड्यापाड्यांतून माणसं लोटतात. दरवर्षी तीच फजिती बघतो. काही वर्षं ती माझीही झाली.

सगळ्यात मोठी चूक पुढं घुसण्याची. अहो, शोभेची दारू आभाळात फुटते! पुतळ्याच्या पायाशी उभं राहून मान तेवढी अवघडते आणि अंगावर जळके कागद पडतात. बांबूचा सांगाडा कुठल्या बाजूला कलंडेल याचा भरवसा नसतो. मागंच थांबा, अंगात सुती कपडे असू द्या. पहिल्या बाणाचा धूर कुठं जातो ते बघा. तुमच्याकडं येत असेल तर तेव्हाच बाजू बदला, नंतर तसूभर हलता येत नाही. दम्याचा पंप खिशात हवा, गाडीच्या डिक्कीत नको. तान्ह्या लेकराला तर घरीच ठेवावं, हे माझं मत. आज्यांना पटत नाही.

चांगलं दिसावं म्हणून गच्चीच्या कठड्यावर, डीपीच्या कुंपणावर, रुळावर चढू नका. 19 ऑक्टोबर 2018 ला अमृतसरला लोक रुळावर उभं राहून रावणदहन बघत होते. फटाक्यांच्या आवाजात गाडी आल्याचं कळलंच नाही आणि पन्नासहून जास्त माणसं गेली.

वेळेचं म्हणाल तर, दसऱ्याला दिवस सहाच्या सुमारास मावळतो, पण अंधार पडला म्हणून रावण पेटत नसतो. आधी सत्कार, मग भाषणं. लेकरांना जेवू घालूनच आणा, नाहीतर ऐन वेळी ती खांद्यावर झोपतात. परतीचा पाऊसही याच दिवसांत गाठतो. आभाळ भरून आलं असेल तर डोक्याला टॉवेल बरा. गर्दीत छत्री उघडली की मागचे शिव्या देतात.

चुकामूक ठरलेली. मैदान भरलं की फोन लागतीलच असं नाही. एका वर्षी आम्ही ‘पाळण्याखाली भेटू’ ठरवलं. दसऱ्यानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात पाळणे होते तीन! भाचा एकाखाली, वहिनी दुसऱ्याखाली, मी तिसऱ्याखाली. तेव्हापासून जागा दिवसाउजेडी बोटानं दाखवून ठरवतो आणि लेकरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घालतो.

ठिणगीनं भाजलंच, तर टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा, फोड फोडू नका. जास्त भाजलं किंवा डोळ्याला लागलं तर 108 ला फोन करा. डोळा चोळायचा नाही.

आता परतीचं, कारण खरी चेंगराचेंगरी तिथंच होते. दहावं डोकं पडलं की सगळं मैदान एकदम फाटकाकडं धावतं. गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या बाजूला करून थोडी लांब लावा. एसटीनं जाणार असाल तर शेवटची गाडी किती वाजता सुटते ते दुपारीच स्टँडवर विचारून ठेवा. बाकीच्यांनी घाई करू नये. आम्ही प्रदर्शनात एक चक्कर मारतो, गरम भजी खातो. तोवर रस्ता मोकळा झालेला असतो.