पाणी भरण्याआधीच फिशटँकमध्ये हिरवा गालिचा कसा वाढवावा

काचेच्या टाकीत पाणी भरून मग मॉन्टे कार्लो किंवा ड्वार्फ हेअरग्रास अशा तळाशी गालिच्यासारख्या पसरणाऱ्या पाणवनस्पतींची रोपे लावली, की मुळे धरण्याआधीच अर्धी रोपे सुटून वर तरंगतात आणि उरलेल्यांवर शेवाळ चढते. ड्राय स्टार्ट पद्धतीत टाकी कोरडी नव्हे, तर केवळ ओलसर ठेवून रोपे आधी हवेत वाढवली जातात. यातील बहुतेक वनस्पती निसर्गात पाणी चढत-उतरत असलेल्या काठांवर राहतात, त्यामुळे हवेत वाढणे त्यांना नवे नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड पाण्यापेक्षा हवेत सुमारे १०,००० पट वेगाने पसरतो. म्हणून या टप्प्यात कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही. व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्टसारख्या पूर्णपणे पाण्यातच राहणाऱ्या वनस्पती मात्र या पद्धतीत टिकत नाहीत.

कोल्हापुरात यासाठी दिवाळीनंतरचे महिने सर्वांत सोयीचे. एप्रिल-मेमध्ये झाकलेली टाकी लाइटखाली फार तापते आणि पावसाळ्यात दमट हवेमुळे बुरशीशी झगडावे लागते.

दोन फुटी टाकीला (६० × ३० सेंमी) ९ लिटर अ‍ॅक्वासॉइल (पाणवनस्पतींसाठी मिळणारी दाणेदार, पोषक माती) पुरते. पुढे ३ आणि मागे ६ सेंमी असा उतार द्यावा. तांबड्या मातीचा कोल्हापूरकराला अभिमान असला, तरी ती तालमीतच राहू द्यावी. बारीक माती पुढे पाणी गढूळ करते आणि शेणखत मिसळल्यास बुरशीला आमंत्रणच मिळते. दगड आणि लाकडे आत्ताच बसवावीत.

यानंतर कडेने हळूहळू पाणी सोडावे. सारा खेळ याच पाण्याच्या पातळीवर आहे. काचेतून बाजूने पाहिल्यास पाण्याची रेघ मातीच्या वरच्या थरापेक्षा थोडी खालीच दिसली पाहिजे. उतारामुळे पुढच्या बाजूला डबके साचल्यास जाड सिरिंजने ते ओढून काढावे, कारण साचलेल्या पाण्यात कोवळी रोपे कुजतात.

रोपे टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत जेलवर वाढवलेल्या रोपांच्या) डबीतील घ्यावीत, म्हणजे गोगलगायी आणि शेवाळ सोबत येत नाहीत. मुळांवरचे जेल नळाखाली पूर्ण धुऊन काढावे, कारण राहिलेल्या जेलवर हमखास बुरशी धरते. मग एक-दीड सेंमीचे पुंजके करून ते लांब चिमट्याने तिरके खोचावेत आणि दोन पुंजक्यांत २ ते ३ सेंमी अंतर ठेवावे. इथे कंजुषी करू नये. विरळ लागवडीतील मोकळ्या जागा भरायला कित्येक आठवडे जातात.

टाकीचे तोंड क्लिंग फिल्मने बंद करून लाइट रोज १० ते १२ तास चालू ठेवावा. दिवसातून एकदा पाच-दहा मिनिटे फिल्म उघडून हवा बदलावी. काचेच्या आतून बाष्पाचे थेंब दिसत असतील, तर त्या दिवशी पाण्याची फवारणी करू नये. रोज उठून फवारण्याचा मोह अनेकांना आवरत नाही आणि रोपे तहानेपेक्षा त्या अतिरेकानेच जास्त मरतात. कापसासारखी पांढरी बुरशी दिसल्यास तेवढाच भाग काढून टाकावा, हवा खेळण्याचा वेळ वाढवावा आणि गरज पडल्यास त्या जागी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे एक-दोन थेंब सोडावेत.

साधारण ६ ते ८ आठवड्यांत गालिचा जुळून येतो. पाने दाट दिसली म्हणून लगेच पाणी भरू नये. काचेला टेकलेली पांढरी मुळे मातीत खोल उतरलेली दिसावीत आणि एखादे रोप चिमट्याने हलकेच ओढल्यावर ते जागचे हलू नये.

पाणी भरताना गालिच्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर बारीक नळीने धार सोडावी. महापालिकेच्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब आधीच घालावेत. हवेतली पाने पाण्यात गेल्यावर काही प्रमाणात गळतात आणि त्यांच्या जागी पाण्याला सरावलेली पाने येतात. हा बदल सुसह्य व्हावा म्हणून पहिल्याच दिवसापासून कार्बन डायऑक्साइड सोडावा, ड्रॉप चेकर (पाण्यातील या वायूचे प्रमाण रंगावरून दाखवणारी छोटी कुपी) हिरवा राहील इतका. लाइट सहा-सात तासांवर आणावा. पहिला आठवडाभर एक दिवसाआड निम्मे पाणी बदलावे, कारण अ‍ॅक्वासॉइलमधून अमोनिया सुटत असतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय एकही मासा सोडू नये.